आधी चोच बघायची

मोरांनी एकमेकांकडे पाठ केली होती.

मागावर वीतभर पदर विणून झाला होता. मधे समई, आणि तिच्या दोन बाजूंना जरीचे दोन मोर. एक भिंतीकडे बघत होता, दुसरा दाराकडे. साडी मुहूर्ताची होती, लग्न बारा दिवसांवर होतं. नवऱ्या मुलीची आजी, सावित्रीआजी, काम कुठवर आलं ते बघायला आली होती. तिने चष्मा वर केला, खाली केला आणि शांतपणे विचारलं, "ही दोघं भांडलीत का?"



"दिव्याकडेसुद्धा पाठ," ती म्हणाली आणि पुढे केलेला हात मागे घेतला. साडीला तिने बोट लावलं नाही.

मागाभोवती आम्ही पाच जण होतो. आजी, मालक सिद्दण्णा, विणकर मुनियप्पा, मी आणि इंदू. सिद्दण्णाने मागावरची पुठ्ठ्यांची माळ खाली घ्यायला लावली आणि पहिल्या पुठ्ठ्याचा कोपरा बघितला. तिथे फुली होती. फुली ही इंदूची खूण. माझी खूण गोल.

"इंदू, हे तू केलंस?" त्याने विचारलं.

ते मी केलं होतं. त्या दोनशेच्या वर पुठ्ठ्यांतलं एकूण एक भोक माझं होतं. मी लुगड्याच्या पदराला हात पुसत उभी राहिले आणि तोंड उघडलं नाही.

हे लिहायचं कारण माझी नात. ती संगणकावर काम करते. दोन बटणं एकदम दाबते आणि मजकूर इथून कापून तिथे चिकटवते, माऊसला हात लावत नाही. हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाली, शेजारी बसणाऱ्या मुलीच्या बोटांकडे बघून शिकले. मी म्हटलं, नुसतं बघून शिकू नकोस, विचार. ती हसली. आजीला काय कळतंय असं ते हसणं होतं. म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या पोरांनी दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हटल्यावर मी या वर्षी हो म्हटलं. माझं शिक्षण चौथी, तेही कानडी शाळेत. मराठी घरातली, तीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेल्या लोकांची. चुकलं तर पोरं दुरुस्त करतील. मजकूर बदलू नका एवढं मात्र त्यांना बजावलं आहे.

आधी काम काय होतं ते सांगते. रेशमी साडीवर वेल, कोयरी, मोर विणायचा तर मागाच्या वर एक सांगाडा बसवतात, त्याला जकार्ड म्हणतात. त्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. पुठ्ठ्यात भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. मधून जरीचा धोटा जातो. एक पुठ्ठा, एक आडवा धागा. पुढचा पुठ्ठा, पुढचा धागा. असे दोनशे पुठ्ठे गेले की मोर होतो. विणकराला मोर काढता यावा लागत नाही. मोर पुठ्ठ्यात असतो.

पुठ्ठ्यात तो आम्ही घालायचो. नक्षीवाला चौकड्यांच्या कागदावर चित्र रंगवायचा. तो कागद समोर उभा लावायचा, एका ओळीखाली पट्टी धरायची. एक ओळ म्हणजे एक पुठ्ठा. ओळीतली आठ आठ घरं एकदम वाचायची, कारण यंत्राला आठ बोटांच्या आठ कळा होत्या. रंगवलेल्या घराची कळ दाबायची, कोऱ्या घराची सोडायची आणि पायाने खालचा दांडा दाबायचा. खटकन भोकं पडायची आणि पुठ्ठा एक घर पुढे सरकायचा. पुठ्ठ्याच्या दोन्ही टोकांना खुंटीत अडकवायला एक एक मोठं भोक लागायचं, त्याची कळ अंगठ्याखाली होती. एका पुठ्ठ्याला पन्नासच्या वर ठोके. कागदोपत्री त्याला पियानो यंत्र म्हणत. पियानो आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. आम्ही पेटी म्हणायचो आणि ती जिथे होती त्या माडीवरच्या खोलीला पेटीखोली. खाली सिद्दण्णाचे आठ माग. चामराजपेटेतली मागची गल्ली.

पेटीवर मी पाच वर्षं एकटी होते. त्याआधी तिथे एक म्हातारा बसायचा, त्याची नजर गेली आणि कांड्या भरणाऱ्या बायकांतून सिद्दण्णाने मला वर बोलावलं, कारण मला आकडे वाचता येत होते. मी चांगलं काम करत होते. माझा पुठ्ठा मागावर अडकला असं कधी झालं नाही. पावसाळी हवेत पुठ्ठे फुगतात, भोकं सरकतात, ते मी आधी चुलीजवळ वाळवून घ्यायची. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

गिऱ्हाइकंही एकेक यायची. विमानाच्या कारखान्यातल्या एका फोरमनला मुलीच्या साडीवर विमानं हवी होती. काठाला वेल आणि पदरावर विमानं. नक्षीवाल्याने काढली, मी पाडली, मुनियप्पाने विणली. फोरमन आला, बोटाने पंख मोजले आणि म्हणाला, पंखा तीन पात्यांचा असतो, तुम्ही चार केलीत. मुनियप्पा म्हणाला, अण्णा, मला तर आत्तापर्यंत हे मासे वाटत होते. फोरमन साडी घेऊन गेला, पण एवढा नाराज झालेला माणूस मी त्या दुकानात दुसरा पाहिला नाही. नंतर सावित्रीआजी आली तोपर्यंत.

तर अशी माझी पाच वर्षं गेली आणि इंदू आली.

इंदू निपाणीकडची. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, सातवी पास, लग्न झालेलं नव्हतं, भावाकडे राहायची. तिची मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होती आणि तिला ते माहीत होतं. मी "स्वल्प थांब" म्हटलं की ती "जरा थांबते" असं उत्तर द्यायची. कामं वाढली म्हणून सिद्दण्णाने एक जुनी पेटी विकत आणली होती, ती तिला दिली. मीच तिला शिकवलं. पंधरा दिवस ती माझ्याकडे बघत राहिली, सोळाव्या दिवशी तिने माझ्याएवढे पुठ्ठे पाडले. दोन महिन्यांनी माझ्या जवळजवळ दुप्पट.

लोक म्हणायचे, ती घरी हार्मोनियम वाजवते म्हणून बोटं चालतात. मीही तेच म्हणायची, कारण त्यात माझा दोष नव्हता. माझ्या बापाने मला हार्मोनियम दिला नाही, विषय संपला. पण तसं नव्हतं. मी एक दिवस तिच्या मागे उभी राहून नीट पाहिलं. पदराचं काम होतं, पदरात जर दाट, म्हणजे कागदावर बहुतेक घरं रंगलेली. मी आठातली रंगलेली सहा शोधून सहा बोटं दाबायची. ती आठही बोटं दाबूनच ठेवायची आणि कोऱ्या दोन घरांची दोन बोटं फक्त उचलायची.

मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी भरलेली घरं वाचत नाही गंगक्का, रिकामी वाचते."

किती सोपं. पाच वर्षांत मला सुचलं नव्हतं. मी त्या दिवशी घरी जाऊन सासूशी भांडले, कशावरून ते आता आठवत नाही.

दुसरी युक्ती याहून मोठी होती. समोरासमोर दोन पक्षी असले की नक्षीवाल्याला दोन्ही रंगवावे लागत. इंदूने त्याला सांगितलं, एकच काढा, दुसरा मी हातात उलटवते. ती कागद उजवीकडून डावीकडे वाचायची आणि हातांची अदलाबदल करायची. डाव्या करंगळीचं काम उजव्या करंगळीने, डाव्या तर्जनीचं उजव्या तर्जनीने. आरशात बघावं तसं. नक्षीवाल्याचे दिवसच्या दिवस वाचायला लागले. तो तिच्यासाठी चिकूची पिशवी आणायला लागला. मला पाच वर्षांत त्याने एक चिकू दिला नव्हता.

मत्सर म्हणतात तो कसा असतो ते मला चांगलं माहीत आहे. तो रोज कामाला यायचा माझ्याबरोबर. तिच्या पेटीचा आवाज माझ्या पेटीपेक्षा हलका होता, तो आवाज मला सहन होत नसे. तिला खिडकीजवळची जागा दिली, कारण उजेडात काम जास्त होतं. बरोबरच होतं ते. मी मालक असते तर मीही तिलाच दिली असती. तरी मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. पावसाळा आला तेव्हा तिचे पुठ्ठे फुगले आणि मी चुलीची गोष्ट तिला सांगितली नाही. तिने चार दिवसांनी स्वतःच शोधून काढली. आणि मला येऊन सांगितली, मला माहीत नसेल असं समजून.

मग सिद्दण्णा एक दिवस म्हणाला की दसऱ्यानंतर एक पेटी विकायची आणि वर आणखी एक माग टाकायचा. एक पेटी म्हणजे एक बाई. कोण राहणार ते तो बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. माझ्या घरात मिळवती मी एकटी होते, नवऱ्याचा पाय गिरणीत गेला होता. इंदूला भाऊ होता. मी हे सिद्दण्णाला जाता-येता सांगायची. तो "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणायचा. पण नजर तिच्या पुठ्ठ्यांच्या चळतीकडे असायची.

म्हणून मी उलटं पाडायला शिकायचं ठरवलं. विचारायचं नाही असंही ठरवलं. तिच्याकडे पोपटांचं काम होतं. रोज दुपारी मी पाणी घेऊन तिच्या मागे उभी राहायची आणि बोटं बघायची. आधी सरळ पोपट, कागदावर आहे तसा. मग उलटा पोपट, हात बदलून. आधी सरळ, मग उलटा. रद्दी पुठ्ठ्यांवर मी सराव केला. पंधरा-वीस दिवसांत माझेही हात बसले. अवघड होतं, पण जमलं. मला वाटलं, झालं, एवढंच तर होतं.

आणि मोराची साडी आली. सावित्रीआजीचं घर चामराजपेटेतलंच, आमच्यासारखं जुनं मराठी, रंगाचा धंदा असलेलं. आजीच्या स्वतःच्या लग्नातली साडी जीर्ण झाली होती, तिच्या पदरावर समई आणि दोन मोर होते. तसाच पदर नातीला हवा होता. नक्षीवाल्याने जुनी साडी समोर ठेवून एक मोर आणि समई उतरवून घेतली. डावीकडच्या मोराच्या जागी पदर फाटला होता, म्हणून त्याने उजवीकडचा घेतला. बाजूला लिहिलं, दुसरा उलटा. नेमकी तेव्हा इंदू चार दिवस रजेवर होती. भावाच्या घरी काहीतरी आहे, म्हणाली.

सिद्दण्णा म्हणाला, ती आली की देऊ. मी म्हटलं, तीच कशाला, मला येतं. त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. म्हणाला, "गंगक्का, मुहूर्ताची साडी आहे." मी म्हटलं, "मग काय झालं? मी लग्नाच्या साड्या केल्या नाहीत?"

चार दिवस मी मान वर केली नाही. आयुष्यात तेवढं चांगलं काम मी केलं नाही. प्रत्येक पुठ्ठ्यात आधी सरळ मोर, मग समई, मग हात बदलून उलटा मोर. एक भोक चुकलं नाही.

चूक भोकात नव्हतीच. पुठ्ठ्यात जे आधी पाडावं ते साडीवर डावीकडे येतं. पोपट कागदावर उजवीकडे बघणारा होता. तो आधी पाडला की डावीकडे येतो आणि आत बघतो. मोर उजव्या बाजूचा, डावीकडे बघणारा. तो आधी पाडला की डावीकडे येतो आणि बाहेर बघतो. इथे उलटा आधी पाडायला हवा होता, सरळ नंतर. इंदू काम सुरू करण्याआधी कागदाकडे बघायची, चोच कुठे आहे ते बघायची आणि मग ठरवायची. मी बोटं चोरली. बोटं हलायच्या आधी ती काय बघते ते मला दिसलं नव्हतं, कारण मी पाणी घेऊन जायची तेव्हा काम सुरू झालेलं असायचं.

इंदू परत आली तेव्हा पुठ्ठे ओवायचे राहिले होते. आमच्यात रीत अशी की जी माळ ओवेल ती प्रत्येक पुठ्ठा तपासेल आणि पहिल्या पुठ्ठ्यावर तिची खूण पडेल. भोकं कुणाचीही असोत, जबाबदारी ओवणारीची. माग रिकामा उभा होता, साडीचं अंग विणून संपलं होतं, मुनियप्पा खालून हाका मारत होता. मी इंदूला म्हटलं, ओव, मी तपासलेत. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, ओवलं आणि फुली मारली.

आता परत मागाजवळ येते. सिद्दण्णाने विचारलं, हे तू केलंस? इंदूने पुठ्ठा हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. भोकांवरून बोट फिरवलं. टोकाच्या मोठ्या भोकाशी बोट थांबलं. मग ती म्हणाली, "खूण माझी आहे."

एवढंच म्हणाली. सिद्दण्णा तिला तोंडाला येईल ते बोलला. मुनियप्पाला विचारलं, तुला दिसलं नाही का रे? तो म्हणाला, "चोच आली तेव्हाच दिसलं. मला वाटलं नवी फॅशन असेल. विमानं नाही का विणली आपण?" एरवी आम्ही हसलो असतो.

नवे पुठ्ठे पाडायचे तर कोरा पुठ्ठा शिल्लक नव्हता. तो मुंबईहून यायचा, यायला महिना लागायचा. आजी म्हणाली, असा पदर नेसून माझी नात बोहल्यावर उभी राहणार नाही, दुसरीकडून विकत घेते. साडी अंगावर पडली असती आणि सिद्दण्णाने दोघींनाही घालवलं असतं.

इंदू अजून पुठ्ठाच बघत होती. म्हणाली, "मोर दोन्ही बरोबर आहेत. फक्त जागा चुकल्यात. कापू."

कुणाला कळलं नाही. तिने कात्री आणायला लावली. पुठ्ठ्याची दोन टोकं तशीच ठेवायची, मधली समई तशीच ठेवायची. दोन्ही मोर कापून काढायचे आणि डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे चिकटवायचा. मागून पातळ कागदाची पट्टी. दोनशेच्या वर पुठ्ठे, प्रत्येकाला चार काप. अर्ध्या घराचाही फरक पडला तर सुई भोकात जाणार नाही. ती हे बोलत होती आणि माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. हिचं डोकं फुटत का नाही, असं आलं.

मुनियप्पाने खाली पदर उसवायला घेतला, एक एक धागा मागे ओढत. जर उसवली की तुटते, ती सगळी वाया. सावित्रीआजी पानाचा डबा घेऊन त्याच्या शेजारी चटईवर बसली. शेवटचा धागा निघाल्याशिवाय मी हलणार नाही, म्हणाली. जेवायला घरी जायची आणि परत यायची. तिसऱ्या दिवसापर्यंत तिने मुनियप्पाला दोन सोयरिकी सुचवल्या होत्या.

वर आम्ही दोघी. ती कापायची, मी चिकटवायची. दोन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी, शेवटचे वीस-पंचवीस राहिले असताना, ती मान खाली ठेवूनच म्हणाली, "तुझा अंगठा जड पडतो, गंगक्का. मोठ्या भोकाची कड फाटते. माझी फाटत नाही."

मी खळ लावत राहिले. म्हणजे तिला मागाजवळच कळलं होतं, तिच्या हातात पुठ्ठा आला तेव्हाच. मला म्हणता आलं असतं, हो, माझी चूक, आत्ता जाऊन सांगते. सिद्दण्णा खालीच होता, बारा पायऱ्या. मी म्हटलं, "पट्टी जरा रुंद काप."

पदर झाला. मोर समोरासमोर आले, दिव्याकडे बघत. आजीने यावेळी हात लावला, कपाळाला लावला आणि साडी घेऊन गेली. लग्न झालं. त्या नवरा-बायकोचं पुढे फारसं पटलं नाही असं ऐकलं. त्याला मोर काय करणार.

दसऱ्यानंतर एक पेटी विकली. सिद्दण्णाने मला ठेवलं. म्हणाला, तुझं काम हळू, पण मुहूर्ताच्या साडीत तू मला खाली बघायला लावलं नाहीस. मी "सरी" म्हटलं. इंदूने डबा उचलला, नक्षीवाल्याला नमस्कार केला, मला "येते गंगक्का" म्हटलं आणि गेली. खिडकीजवळची जागा मला मिळाली. त्या जागेवर उजेड खरंच चांगला होता.

मी जिंकले असं मला सात-आठ महिने वाटलं. मग मुनियप्पाने बातमी आणली की इंदू एका सरकारी कचेरीत लागली आहे. तिथे मोठी हिशेबाची यंत्रं आली होती आणि त्यांनाही भोकं पाडलेले पुठ्ठेच लागत होते. आमच्यापेक्षा लहान, पातळ. कळा दाबून पाडायचे. खुर्चीवर बसून, डोक्यावर पंखा, दर महिन्याला ठरलेला पगार आणि म्हातारपणी पेन्शन. सातवी पास पाहिजे होती. मी चौथी.

तेव्हापासून मला दोन गोष्टी एकदम वाटत आल्या. एक, मी तिच्यावर दोष पडू दिला आणि तिला घालवलं. दुसरी, मी घालवलं म्हणून ती एवढी वर गेली, आणि मला कुणी घालवलं नाही. मी पुढची बरीच वर्षं त्याच पेटीवर होते. तिच्या दोन्ही युक्त्या वापरत होते. नव्या मुली आल्या त्यांना शिकवल्याही. कुणाच्या ते सांगितलं नाही. पण आधी चोच बघायची हे मात्र पहिल्या दिवशी सांगायची. सिद्दण्णाला खरं कधी सांगितलं नाही. तो गेला तेव्हा त्याच्या दारात उभी होते, तेव्हाही मनात आलं, आता सांगायला कुणी राहिलं नाही, बरं झालं.

खूप वर्षांनी एका बारशाला इंदू भेटली. केस पांढरे, हातात चांगलं घड्याळ. आम्ही शेजारी बसून जेवलो. मी म्हटलं, इंदू, ते मोर माझे होते. ती म्हणाली, माहीत आहे. मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

तिने पानातली कोशिंबीर संपवली आणि मग म्हणाली, "त्या चार दिवसांत भावाच्या घरी काही नव्हतं. कचेरीची परीक्षा द्यायला गेले होते. मला जायचंच होतं. तू कबूल केलं असतंस तर सिद्दण्णाने मला सोडलं नसतं."

हे खरं, की मला बरं वाटावं म्हणून ती बोलली, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. खरं असेल तर गप्प बसण्याची लाज मी एवढी वर्षं उगाच वागवली. तीसुद्धा तिने दोन-चार वाक्यांत माझ्याकडून काढून घेतली. मला बरं वाटलं नाही. मला राग आला.

पेट्या भंगारात गेल्या. आता मागाला पुठ्ठे लागत नाहीत, संगणकातून नक्षी जाते म्हणतात. ती माडी पाडून तिथे मोबाइलचं दुकान झालं. सिद्दण्णा गेला. मुनियप्पा गेला, आजीने सुचवलेल्या सोयरिकींतली एक त्याने केली होती. सावित्रीआजी त्या लग्नानंतर तीन वर्षांतच गेली.

इंदू के. आर. पुरमला मुलाकडे असते. गुडघे गेलेत, डोळे चांगले आहेत. त्या दिवशी मागाभोवती उभ्या असलेल्या पाच जणांतल्या आता आम्ही दोघीच आहोत.